बारावी सही

इमारतीत लिफ्ट बसवायची तर बाराही बिऱ्हाडांच्या सह्या हव्या होत्या. अकरा झाल्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींपाशी घोडं अडलं.

मावशी घरी कपडे शिवायच्या. मशीनचं पायडल मारून मारून गुडघे कामातून गेले होते. लिफ्टची गरज सगळ्यांत जास्त त्यांनाच. पण चौथ्या मजल्यावर हेडमास्तर राहत, आणि त्यांची बायको खुब्याचं हाड मोडून चार महिने घरात अडकली होती. त्यांची सोय होईल अशी सही मावशी करेनात.

"अगं, तुझ्याच पायांसाठी म्हणतोय," मावशींचा मुलगा वैतागला. "नवरा मेला तरी चालेल, पण सवत..." आणि त्यानं जीभ चावली.

मावशींचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. भरदुपारी त्याच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी त्याला चादरीत उचलून जिन्यानं उतरवलं. त्या गलक्यात हेडमास्तर कठड्यावरून वाकून खेकसले होते, "हळू बोला! माणसं झोपलीत इथं!" तो दवाखान्यात पोचलाच नाही.

शेवटी हेडमास्तर स्वतः आले. दारातच उभे राहिले.

"हे बघा बाई, डोकं शांत ठेवून विचार करा. तुमचा फायदा, आमचाही फायदा. तोटा कुणाचाच नाही."

"त्या दुपारी बोललात ते चुकलं म्हणा. आत्ता सही करते."

"त्याचा लिफ्टशी काय संबंध?"

"काही नाही. म्हणा."

हेडमास्तरांच्या मानेची शीर टरारली. "गलका कशाचा चाललाय ते मला ठाऊक नव्हतं. मी कुणाची माफीबिफी मागणार नाही."

"मग चढा जिना."

"तुम्हीही चढा!"

आठवड्यानं त्यांच्या बायकोचा फोन आला. "तुमचं वैर त्यांच्याशी ना? त्या दिवशी रुग्णवाहिकेला फोन मी केला होता. मी तुमचं काय वाकडं केलंय?"

मावशींनी फोन ठेवला. दोन दिवस त्यांची शिलाई वाकडी जात होती. तिसऱ्या दिवशी त्या तळमजल्यावर सेक्रेटरीकडे गेल्या आणि तोंड वळवून म्हणाल्या, "आणा कागद."

सेक्रेटरीनं कपाळावर हात मारला. "आता काय उपयोग? हेडमास्तर काल येऊन स्वतःची सही खोडून गेले. म्हणाले, त्या बाईला लिफ्ट मिळणार असेल तर मला नको."

"मेला!" मावशी म्हणाल्या. आणि कठडा धरून, एकेक पायरीला हेडमास्तरांना शिव्या मोजत, वर चढू लागल्या.