हवामान परिषदेला गेलेला वकिलीचा कोट

मित्रांनो, मी वकिलीचा एक जुना काळा कोट आहे. वय झालं म्हणून म्हणा किंवा पाहिलं तेच तसं होतं म्हणून, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही.

शिंप्याने मला एका वकीलबाईंसाठी शिवलं. कोर्टातली वर्षं सुखात गेली. तिथे एक जिंकतो, एक हरतो, एवढं मला समजत असे. मग बाईंनी वकिली सोडली. त्यांच्या भाचीला कॉलेजतर्फे हवामान बदलाच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींना जायचं होतं आणि तिच्याकडे धड कोट नव्हता.

"हा घे. बाह्या जरा लांब होतील," आत्या म्हणाली.

तिथे मी चक्रावलोच! इतक्या देशांची माणसं आणि सगळी एकेका शब्दावर अडून बसलेली. विद्यार्थ्यांना बोलायची मुभा नव्हती. समुद्रात बुडू लागलेल्या एका चिमुकल्या बेटावरून एकट्याच बाई आल्या होत्या आणि त्यांच्या कामाच्या दोन बैठका एकाच वेळी दोन खोल्यांत.

"तू तिकडे बसशील? काय बोलतात तेवढं मला सांग," त्यांनी भाचीला विनवलं.

ती ऐकायची, धावत येऊन सांगायची, पुन्हा धावायची. घामाने माझं अस्तर भिजलं. शेवटी बेटाचं काय ठरलं? "पुढच्या वर्षी बघू." तारीख पडणं मला नवं नव्हतं, पण भाची रडली. हरलं कोण, तेच मला कळेना.

नाल्याकाठच्या घरी परत आल्यावर एका मोठ्या कंपनीने तिला नोकरी देऊ केली. बाबा हरखले. हिने ती नाकारली आणि नगरपालिकेच्या नाले विभागात शिरली.

"जग बघून आलीस ती गटारं मोजायला?"

"बाबा, बैठकीत ज्यांचं कोणीच नसतं, त्यांना मला आत आणायचंय."

दोघांचं बोलणं बंद झालं. मला विचाराल तर दोघांचंही खरं वाटत होतं.

पूर अडवायला नाल्याला भिंत बांधायची होती. तिच्या बैठका भरदुपारी होत, काठावरची माणसं कामावर असताना. तिने साहेबांशी हुज्जत घालून बैठक संध्याकाळी ठेवायला लावली. मला मुद्दाम घातलं, खुर्च्या मांडल्या. कोणी फिरकलं नाही. शिपाई कुलूप घेऊन उभा राहिला. माझ्या बाह्या मुठीत धरून ती बसून राहिली.

तेवढ्यात दारात बाबा दिसले. आता "मी सांगत नव्हतो?" सुरू होणार, असं मला वाटलं. पण ते पहिल्या रांगेत बसले आणि त्यांनी घसा खाकरला.

"मॅडम, मी नाल्याकाठी राहतो. आम्हाला कधी कोणी विचारलं नाही. बोलू का?"

"बोला," ती कशीबशी म्हणाली.

"मुलगी लहान होती. घरात पाणी शिरलं तेव्हा मी तिला माळ्यावर बसवलं. पाणी थांबेल ना, असं ती सारखी विचारत होती. मी हो म्हणालो. मला काही माहीत नव्हतं."

ती उठली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली.

मित्रांनो, भिंत अजून व्हायची आहे आणि हा खटला कोण जिंकलं, ते मला आजही सांगता येत नाही. तुम्ही मला जपा, पण कपाटात कोंडू नका. कोणाचं काही ऐकायला निघालात, तर मला घालून जा.