डावी बाजू

म्हैसुरात गुंडेराव शिंप्याचे ब्लाउज नावाजलेले. पण बाईच्या अंगाला टेप लावतील तर शपथ! जुन्या ब्लाउजवरूनच माप, बायको तुंगाचंसुद्धा. तिची कॅन्सरची गाठ काढून डॉक्टरांनी स्तन राखला, तेव्हा तिच्या ब्लाउजची डावी बाजू गुंडेरावांनीच आत घेतली होती.

यंदा ती म्हणाली, "अहो, डावीकडे काचतंय." त्यांनी टीप उसवून दिली. ती पुन्हा म्हणाली. "भात कमी खा," म्हणत त्यांनी पुन्हा उसवली. एकाच बाजूनं कुणी लठ्ठ होतं का?

आज डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्याच जागी परत आलाय. इतके दिवस कुणालाच सांगितलं नाहीत?"

"चुकलंच माझं," तुंगा म्हणाली.

"मला सांगितलं होतं," एवढं बोलायला गुंडेरावांची जीभ रेटेना.