साधा की भारीतला

"काका, टॅबलेट कशासाठी हवाय? सिनेमे बघायला, की कुणाच्या अभ्यासासाठी?" दुकानातल्या पोरीने विचारलं.

"बोलायला."

"म्हणजे व्हिडिओ कॉल ना?"

"नाही गं बाई. हिच्याशी बोलायला. घरातल्या घरात." त्याने शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे अंगठा केला.

पोरगी हसली. मग त्याच्या गळ्याभोवतीचा रुमाल तिला दिसला, तो घोगरा, फाटका आवाज नीट कानात शिरला, आणि बिचारीचं हसू विरलं. शहाणी पोर. पुढचं काही विचारलं नाही, काउंटरखालून दोन खोकी काढली आणि समोर ठेवली.

पुढच्या आठवड्यात त्याचं ऑपरेशन होतं. घशात गाठ होती, आणि ती वाईट होती. डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले होते: गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, जीव वाचवायचा तर आवाज जाईल. त्यानंतर बोलायचं ते टॅबलेटवर लिहून. आपण लिहायचं, टॅबलेट मोठ्याने बोलून दाखवणार.

आणि हे कुणाच्या नशिबी यावं? ज्याच्या तोंडाला आयुष्यात कधी कुलूप लागलं नाही अशा माणसाच्या. तो केस कापायचा. त्याच्या सलूनला मालकाचं नाव नव्हतं, पाटी नव्हती, सगळा गाव त्याला 'रेडिओ' म्हणायचा आणि सलूनला रेडिओचं दुकान. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याला कापड बांधलं, की हा सुरू. माणूस पळणार कुठे? लग्न कुणाचं मोडलं, नव्या पुलाला तडा कसा गेला, टक्कल का पडतं, सगळ्यावर याचं मत तयार. बोलायचा तो आरशाशी. केस कापणाऱ्याला समोरासमोर बघून चालतच नाही, डोळे कात्रीवर आणि गप्पा आरशातल्या चेहऱ्याशी.

घर सलूनला लागूनच. बायको बसायची सलूनच्याच मागच्या खोलीत, फळीच्या भिंतीपलीकडे. कपडे लहान-मोठे करून द्यायचं तिचं काम. मशीनवर बसलेल्या बाईला मान वर करून चालत नाही, नाहीतर सुई बोटात. म्हणजे दोघांचा संसार बघा कसा झाला: हा तिकडे बोलतोय, ही इकडे शिवतेय. गिऱ्हाइकाला सांगता सांगता मध्येच तो फळीकडे आवाज टाकायचा, "काय गं, खरं की नाही?" आणि ही मान खाली ठेवूनच, "खोटं आहे हो, काही ऐकू नका त्यांचं!" म्हणून ओरडायची. सलून हसायचं. कान किटले तुमच्या बडबडीने, असं ती रोज म्हणायची. आता गाठ सापडल्यापासून एकदाही म्हणाली नव्हती.

पोरीने आधी साधा टॅबलेट दाखवला. स्वस्तातला, पण काम चोख. तिने एक वाक्य लिहिलं, बटण दाबलं, आणि आतून कुणी गुळगुळीत माणूस बोलला, "नमस्कार. मला पाणी हवे आहे."

"हा कोण साहेब?" नवरा म्हणाला. "पाणी हवे आहे म्हणे! घरात असं पाणी मागितलं तर ही पाणी द्यायच्या आधी माझा ताप बघेल." स्वतःच्याच विनोदावर तो हसला आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. बायकोने पाठीवर हात फिरवला.

मग भारीतला निघाला. पातळ, चकचकीत, किंमत विचारूच नये अशी. त्याची गंमत वेगळी होती. ऑपरेशनच्या आधी त्याच्यासमोर बसून वाक्यं वाचायची. तो आवाज ओळखून घेतो, आणि पुढे आपण जे लिहू ते आपल्याच आवाजात बोलतो.

"यांच्याच?" बायकोने विचारलं.

"हो काकू. काकांच्याच. घोगरेपणासुद्धा बराच काढून टाकतो. फक्त आवाज आहे तोवर करायला हवं."

बायकोने त्या क्षणी ठरवून टाकलं. आणि नेमका त्याच क्षणी नवरा म्हणाला, "हा साधा बांधून द्या."

"नाही. तो द्या."

"अगं, काय करायचाय तो?"

"लेकीने सांगितलंय ना, कुठलाही घ्या म्हणून? पैशाचं तिचं ती बघतेय. मग?"

"पैशाचं कोण बोलतंय?"

पोरीने शहाणपणाने दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. नवरा बाहेर निघाला, बायको मागून. समोर बस थांबायची जागा होती, तिथल्या बाकावर दोघं जाऊन बसले. रस्त्यावर गाड्यांचा गोंगाट, त्यात याचा आवाज आधीच बसलेला. तिला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला.

"त्यात माझा आवाज भरला, तर उद्या मी गेल्यावर तू ते उघडून बसशील," तो म्हणाला. "मला ठाऊक नाहीस का तू?"

"बसेन. कुणाच्या बापाचं काय जातं?"

"खुळ्यासारखं करू नकोस. मेलेल्या माणसाशी गप्पा मारत बसायच्या? त्या साहेबाचा आवाज बरा. कुणाला वाटणार तरी नाही की मी बोलतोय."

"अहो पण तुम्हीच बोलणार ना त्यातून!"

"तेच तर विचारतोय. हे घ्यायचं कशासाठी? मला बोलायला, की तुला ऐकायला?"

तिला राग आला. इतका राग, की लोक बघताहेत याचंही भान राहिलं नाही. "मला ऐकायला!" ती म्हणाली. "हो, मलाच ऐकायचंय. तुमचं काय, तुम्ही कागदावर लिहून दिलंत तरी तुमचं भागेल. माझं काय? मी त्या मशीनवर बसून दिवसभर काय ऐकू? सुई? आवाज तुमचा जातोय म्हणता, तो माझा पण जातोय." आणि भर रस्त्यात पदर तोंडाला लावून ती रडायला लागली.

 तो तिच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाला, "चल, घे तुझा भारीतला. बाई रडायला लागली की भाव पाडता येत नाही."

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी आवाज भरला. शांतता हवी, म्हणून शटर अर्धं खाली ओढलं, पंखा बंद केला, मशीनही बंद. तो गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आरशासमोर बसला, टॅबलेट पुढ्यात उभा करून. ती फळीपलीकडे हात मांडीवर घेऊन बसली. काम न करता तिथे बसायची तिला सवयच नव्हती.

पडद्यावर एकेक वाक्य यायचं आणि त्याने ते वाचायचं. 'आज हवा छान आहे.' 'कृपया दार उघडा.' पहिली काही वाक्यं त्याने पाहुण्यांसमोर बसावं तशी वाचली. मग जीभ सुटली. "कृपया दार उघडा, आतला म्हातारा गुदमरलाय," असं काहीतरी घुसडायला लागला. टॅबलेट ते घेईना. 'वाक्य पुन्हा वाचा' म्हणून अडून बसला.

"अहो, लिहिलंय तेवढंच वाचा ना!" ती पलीकडून ओरडली.

"हे कसलं बोलणं? असं कोण बोलतं?"

"तुमच्या पाया पडते. वाचा."

मग त्याने वाचलं. लिहिलंय तेवढंच, एकामागून एक, घसा सोलवटला तरी. मध्ये मध्ये गरम पाण्याचा घोट घ्यायचा आणि पुन्हा सुरू. फळीपलीकडे ती भिंतीला डोकं टेकवून ऐकत होती. तो आपल्यासाठी जिवावर उदार होऊन वाचतोय, हे तिला कळत होतं. थांबा म्हणावं असंही वाटत होतं. पण ती थांबा म्हणाली नाही.

ऑपरेशन झालं. गाठ गेली, आवाज गेला, आणि गळ्याच्या खाली श्वास घ्यायला भोक आलं. हॉस्पिटलात तो बहुतेक वेळ ग्लानीतच असायचा, जाग आली की हाताने खुणा करायचा. तीही उशाशी बसून सलाईनच्या थेंबांकडे बघायची, नळ्यांकडे बघायची, त्याची नखं कापायची. चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले. घरी गेलो की सगळं ठीक होईल, असं ती मनाला बजावत होती. घरी टॅबलेट होता.

घरी आल्यावर ती मशीनवर बसली. काम साचलं होतं. एका पँटला टीप मारत होती, मान खाली. आणि फळीपलीकडून आवाज आला, "अगं, चहा टाकतेस का?"

"टाकते हो," ती म्हणाली. तोंडातून निघूनच गेलं. आणि मग हात थांबले.

तोच आवाज. नुसता तोच नाही, घोगरेपणा धुऊन काढलेला, आजारपणाच्या आधीचा, खणखणीत. ती धावतच पलीकडे गेली. हसत होती, रडत होती, दोन्ही एकदम. तो खुर्चीत बसला होता आणि टॅबलेट त्याच्या मांडीवर होता. तिने तो उचलून छातीशी धरला.

"पुन्हा! पुन्हा बोला ना काहीतरी!"

त्याने हात पुढे करून टॅबलेट मागितला. लिहिलं. "काय बोलू?" आवाज म्हणाला. ती लहान पोरीसारखी टाळ्या पिटायला लागली.

मग ते रोजचंच झालं. बोलायचं काही नसलं तरी ती काढायची. भाजी कुठली करू? दार लावलं का? त्या पँटचा मालक पुन्हा आला तर काय सांगू? तो बोटाने एकेक अक्षर शोधून लिहायचा. लिहीपर्यंत गोष्ट शिळी व्हायची, म्हणून लांबलचक काही लिहायच्या भानगडीत तो पडत नव्हता, चेष्टा तर नाहीच. "कर काहीही." "लावलं." "उद्या ये म्हण." ती खूश. समोरचा पेपरवाला बघायला आला, तर तोही त्याच्या मांडीवरच्या टॅबलेटवर वाकून म्हणाला, "काय रेडिओ, कसा आहेस?" आणि उत्तर आल्यावर तिच्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, अगदी तोच हो!" तिलाही अभिमान वाटला, आपणच घडवून आणल्यासारखा. साधा घेतला असता तर काय झालं असतं, असं ती पेपरवाल्याला दोनदा म्हणाली.

एका दुपारी दोघं जेवायला बसली होती. टॅबलेटवर काही सांडू नये म्हणून तिने तो त्याच्या पुढ्यातून थोडा लांब, टेबलाच्या कडेला डब्याला टेकवून उभा केला होता. त्याचा हात जेमतेम पुरत होता. लेकीचा फोन आला होता, ती पुढच्या महिन्यात येणार होती, तेच सांगणं चाललं होतं. कुठे झोपवायचं, गादी उन्हात टाकायला हवी.

"तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली.

त्याने हात लांब करून लिहिलं. "ती आली की बरं वाटेल," आवाज म्हणाला.

"हो ना?" ती हसून म्हणाली. "मला पण. आणि यावेळी आठ दिवस तरी राहा म्हणावं. तुम्ही सांगितलंत तर ऐकेल. सांगाल ना?"

उत्तर यायला वेळ लागला. ती वाट बघत होती, चेहऱ्यावर हसू तसंच.

"अगं," आवाज म्हणाला, "मी इकडे आहे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. आपण डब्याकडे बघत होतो. डब्याला टेकवलेल्या काळ्या काचेकडे बघून बोलत होतो, हसत होतो, आणि आज नाही, घरी आल्यापासून रोज.  तिने मान वळवली.

तो तिच्याकडेच बघत होता. इतक्या जवळून, इतका वेळ तिने त्याच्याकडे कधी बघितलंच नव्हतं, ना आता, ना आधी. भुवई मधोमध तुटलेली होती. डोळ्याखाली काळं. हा माणूस आपल्यावर रागावलाय, की हरलाय, की नुसता दमलाय, हे तिला काही केल्या वाचता येईना. लाज वाटली तिला. "चुकलं हो माझं," ती म्हणाली, "मला वाटलं... काय म्हणताय? सांगा ना." आणि सांगा म्हणताना तिची नजर पुन्हा टॅबलेटकडे गेली. मुद्दाम नाही. गेली.

त्याने हात लांब केला. ती थांबली. पण त्याने काही लिहिलं नाही. टॅबलेट उचलला, बंद केला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग तिच्याकडे वळून त्याने तोंड उघडलं आणि तो बोलला. नुसत्या ओठांनी. आवाज नाही, श्वाससुद्धा तोंडातून नाही. दोन-तीन शब्द असतील. अगदी सावकाश, एकेक शब्द वेगळा करून.

तिने ओठांकडे डोळे फाडून बघितलं.

"पुन्हा म्हणा."

तो पुन्हा म्हणाला.

"पाणी हवंय का? दुखतंय का कुठे?"

त्याने मान हलवली. नाही. आणि तिसऱ्यांदा तेच बोलला, आणखी सावकाश, तिचं मनगट धरून.

तिला काही कळलं नाही. त्याचा हात पालथ्या टॅबलेटवर होता, आणि तो उचलायची त्याची तयारी दिसत नव्हती.

"हो," ती म्हणाली आणि मान डोलावली. "कळलं. कळलं हो मला."

तो थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तिचं मनगट सोडलं आणि ताट पुढे ओढून घेतलं.