मशिन धाकट्याला, स्पीकर थोरल्याला

नव्या स्पीकरांतून निघालेला पहिला मारवा, पाण्याच्या रिकाम्या टाकीत उभं राहून कुणी गावा तसा, पोकळ आणि पोरका वाटला. कार्तिकातली संध्याकाळ होती. सोनईच्या उसावरून येणारा ओलसर गारवा खिडकीशी थबकला होता आणि मी, माहितीपत्रक न वाचताच सगळं कळल्याच्या थाटात, दुकानदाराला शिव्या घालत होतो. तेवढ्यात भिंतीपलीकडून दादाचा खोकला आला. मग वहिनी मागच्या दाराने येऊन माझ्या बायकोला सांगून गेल्या, "भाऊजींना म्हनावं, एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्यात. हे म्हनत्यात, लई कानाला टोचतंय."

तारा उलट्याच होत्या. वाटणीनंतर माझ्या थोरल्या भावाने मला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द. तेही दोन बायकांच्या ओठांवरून फिरून आलेले.

वाटणीआधी दादा भुसार दुकान बंद करून घरी येई तेव्हा त्याच्या भुवयांवर ज्वारीची धूळ तशीच असे. मलमलीच्या फडक्याने तबकडी पुसताना त्याची आडदांड बोटं, तान्ह्या बाळाचं कपाळ पुसावं, इतकी हलकी होत. मग उतरत्या उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत त्याच्या गुडघ्यापर्यंत चढे, स्वयंपाकघरातल्या बांगड्यासुद्धा दबकून वाजत, आणि मिटल्या डोळ्यांनी तो समेवर अंगठा तर्जनीला टेकवी. फारच आवडलं तर म्हणे, "हं." त्या एका हुंकारासाठी मी शेजारी श्वास आवरून बसे, जणू गाणं मीच गायलो होतो.

वाटणीला बसलेल्या मामांनी रान बांधाने तोडलं, घर मधोमध भिंत घालून, आणि शेवटी वडिलांच्या स्टिरिओपाशी येऊन घाम पुसला. "मशिन धाकट्याला, स्पीकर थोरल्याला. कुनावर अन्याव नको." कुणी हसलं नाही. आम्ही दोघं तर मुळीच नाही. उलट आपल्याला काही कमी तर आलं नाही ना, हे दोघांनीही डोळ्यांनी तपासून घेतलं. एकाकडे गळा राहिला, दुसऱ्याकडे ओठ.

पुढे त्याने नवं मशिन घेतलं, मी नवे स्पीकर. मग माझं जुनं मशिन त्या स्पीकरांना पुरेना, म्हणून ते माळ्यावर गेलं आणि त्याच्या जागी चकचकीत अ‍ॅम्प्लिफायर आला. दरवेळी सूर अधिक निर्मळ, अधिक खोल होत गेला आणि खोली अधिक रिकामी. आलेल्या-गेलेल्याला मी ऐकवत असे, "बासरीवाल्याचा श्वाससुद्धा कळतो बघा." मला खरं तर पलीकडचा "हं" ऐकायचा होता. म्हणून मी आवाज वाढवी. दादा त्याचा वाढवी. दोन राग भिंतीच्या दोन्ही अंगांनी डोकं आपटत राहत.

परवा, फाल्गुनातल्या भाजत्या सकाळी, दादा पोराकडे नगरला कायमचा निघाला. जुन्या स्पीकरांची जोडी गादीत गुंडाळून टेम्पोत चढली, तेव्हा मी माळ्यावरचं मशिन कोळिष्टकांसकट छातीशी धरून रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

"दादा, हे पन ने. त्याच्याच जोडीचं हाय."

त्याने मशिनवरून तळवा फिरवला, बोटांना लागलेली धूळ पाहिली, धोतराला पुसली.

"टेम्पोत जागा न्हाई," म्हणाला.

जागा होती. ड्रायव्हरशेजारी चढताना पाठमोराच बोलला, "तुझं नवं ऐकत हुतो की रोज. चांगलं वाजतं. आपलं वाटत न्हाई."

काळ माणसाला एकदम नेत नाही. आधी त्याचे सूर वाटून टाकतो, मग त्याचं मौन, आणि स्मृतीच्या वाट्याला शेवटी उरतो तो बहुधा कधीच न मिळालेला एखादा हुंकार. त्याच संध्याकाळी मी मारवा लावला. सवयीने हात आवाज वाढवायला गेला आणि तसाच थांबला.

बायको दारात उभी होती.

"थांबलात का? वाढवा की हवा तेवढा. पलीकडं आता कुनी न्हाई."