अंगठ्याएवढं बटण

"हे वाचायचं कोणी? मुंग्यांनी?" बाबांनी मोबाइल डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला, मग पुन्हा लांब नेला. "अक्षरं आहेत की खसखस सांडलीय?"

"बाबा, दोन बोटांनी ताणा ना. मोठं होतं ते."

"कुठल्या दोन बोटांनी?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मी जीभ चावली. बाबांना एकच हात, डावा, आणि त्यात मोबाइल होता. उजवा हात मी शाळेत जायच्याही आधी छापखान्यात, कागद कापायच्या मशीनखाली गेला. तेव्हापासून त्या जागी कातडी पट्ट्यांनी खांद्याला बांधलेला एक हात आहे आणि त्याच्या टोकाला मिटणारा-उघडणारा लोखंडी आकडा. त्या आकड्याने बाबा सुतळी बांधतात, बादली उचलतात, माझ्या लहानपणी माझी वेणीसुद्धा धरून ठेवायचे. फक्त मोबाइलच्या काचेला तो आकडा कळत नाही. काचेला माणसाचं बोटच लागतं.

तो आकडा ज्यांनी बनवला, त्यांच्याच कारखान्यात आम्ही बसलो होतो. कारखाना म्हणजे एका गल्लीतली लांबट खोली. भिंतीला पट्टे टांगलेले, कोपऱ्यात प्लास्टरचे साचे, खिडकीशी एक कामाचं टेबल. बाहेर 'कृत्रिम अवयव निर्मिती केंद्र' अशी पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. सगळी गल्ली त्यांना हातवाले काका म्हणते.

काकांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं. "म्हणजे माझी वेबसाइट वाचायला दोन हात लागतात?"

आधी बाबाच हसले. "म्हणजे मास्तर, तुमची गिऱ्हाइकं सोडून बाकी सगळ्या जगाला ती वाचता येते."

काकाही हसले, पण त्यांचं हसणं लवकर संपलं. कारण गंमत म्हणून आम्ही तिथे बसलो नव्हतो. बाबा आठवड्यापूर्वी पट्टा बदलायला गेले, तेव्हा काकांनी सहज सांगावं तसं सांगितलं होतं, "भाऊ, महिनाअखेर ही जागा सोडतोय. कोणी येतच नाही." पूर्वी इस्पितळातले वॉर्डबॉय पेशंटच्या कानात सांगायचे, त्या गल्लीत जा, तिथे एक माणूस आहे. आता लोक मोबाइलला विचारतात. आणि मोबाइल कुठल्या तरी काचेच्या मोठ्या दुकानाचं नाव सांगतो. काकांचं नाव यायला सर्चची पानांमागून पानं उलटावी लागतात, आणि तेवढा खाली जातो कोण?

बाबांनी घरी येऊन मला हे सांगितलं आणि जेवताना एकदाच म्हणाले, "तुझं कामच आहे ना हे?"

माझं कामच आहे ते. कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यासाठी बनवलेल्या जुन्या वेबसाइट घ्यायच्या आणि त्या मोबाइलमध्ये नीट बसतील अशा करायच्या. शेजारी शेजारी असलेले रकाने एकाखाली एक लावायचे, अक्षरं मोठी करायची, जड फोटो हलके करायचे. जी साइट मोबाइलवर नीट उघडत नाही, तिला सर्च मागच्या बाकावर बसवतं, मग मजकूर सोन्यासारखा का असेना. मी केलेली प्रत्येक साइट उजवा हात पाठीमागे धरून, फक्त डाव्या अंगठ्याने तपासते. आमचे साहेब मला 'अंगठेबहाद्दर' म्हणतात. मी कामाला लागले तेव्हा ते थट्टेत म्हणाले, आणि ते नाव मला चिकटलं. असं का तपासते, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

काकांची साइट मी उघडली आणि कपाळाला हात लावला. वर भलामोठा फोटो होता, जोडलेल्या दोन हातांचा. खाली लिहिलं होतं, 'दोन्ही हात जोडून आपले स्वागत'.

"हे कोणी सुचवलं?"

"मीच," काका म्हणाले. त्यांचे कान लाल झाले. "चांगलं दिसेल असं वाटलं. सभ्य."

"दिसतं छानच," बाबा म्हणाले, "पण मास्तर, ज्याचा एक हात महिन्यापूर्वी गेलाय, त्याने हे बघून काय करायचं?"

काकांनी मान खाली घातली. आयुष्यभर हात बनवणाऱ्या माणसाकडून झालेली ही चूक होती. इतर कोणाकडून झाली असती तर मी रागावले असते. पण त्यांनी ते लिहिलं होतं मनापासून, कारण त्यांच्या लेखी येणाऱ्या प्रत्येकाचे दोन्ही हात जुळलेलेच असायचे. अजून बनवायचा असलेला हातही ते आधीच धरून चालायचे.

फोन नंबर शोधला, तर तो फोटोवर रंगवलेला. बाबांनी त्याच्यावर अंगठा दाबला. पुन्हा दाबला. काही होईना.

"काका, बटण मोठं करायला लागेल," मी म्हणाले. "निदान अंगठ्याएवढं. आणि खालच्या बाजूला."

"मोठं करून काय होतंय?" काका एकदम उत्साहाने म्हणाले. आता विषय त्यांच्या हातातला होता. "सगळे तीच चूक करतात. बटण मोठं केलं की उलट अडकतं. काज सैल करायला पाहिजे. आणि बाहीचं बटण तर इलॅस्टिकच्या दोऱ्यानेच शिवायचं."

"अहो काका, मी शर्टाचं नाही म्हणत..."

पण तोवर बाबांनी विषय उचलला होता. "बाहीचं सांगू नका मला. मशीनखाली हात गेला त्याचं इतकं वाटलं नाही, जितकं त्या बटणाचं वाटलं. ज्या हाताने बटण लावायचं, त्याच हाताच्या बाहीला ते असतं. लावणार कसं? दातांनी प्रयत्न केला, दाराच्या कडीने केला. शेवटी बाही दुमडून फिरायला लागलो. लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे."

"आणि तुम्ही वहिनींना सांगितलं नाहीत," काका म्हणाले.

"कसं सांगणार? ती आंघोळीपासून सगळं करत होती. बटणही लावून दे म्हणायला जीभ रेटेना." बाबा माझ्याकडे वळले. "ह्यांनी इलॅस्टिकने बटण शिवून दिलं. हात घातला की बाही ताणते, आत गेला की पुन्हा बसते. हाताचं माप नंतर घेतलं. आधी बटण."

हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला वाटायचं, बाबा त्या आकड्याने पुन्हा उभे राहिले. मी हळूच विचारलं, "बाबा, तेव्हा मोबाइल असता तर काय शोधलं असतं? कृत्रिम अवयव?"

"छे. तो शब्द मला ह्यांच्या पाटीवर कळला." बाबांनी थोडा विचार केला. "एका हाताने शर्टाचं बटण कसं लावायचं, हेच विचारलं असतं. माणसाला विचारायची लाज वाटते. मोबाइलला काय, तो कुठे तोंडाकडे बघतो."

मी तिथेच टेबलावर लॅपटॉप उघडला.

पुढचे काही दिवस ऑफिस सुटल्यावर मी तेवढंच केलं. काका बोलत, मी लिहून घेई. एका हाताने बटण कसं लावायचं, बुटाची नाडी कशी बांधायची, भाजी चिरताना ती घसरू नये म्हणून काय करायचं. प्रत्येक गोष्टीचं वेगळं पान, अक्षरं ठसठशीत, वाक्यं काकांचीच. जोडलेल्या हातांचा फोटो काढून टाकला आणि तिथे बाहीचा फोटो लावला. खाली अंगठ्याएवढं बटण, त्यावर लिहिलं, 'काकांना फोन करा'. बाबांनी प्रत्येक पान डाव्या अंगठ्याने तपासलं आणि माझ्या साहेबांनी काढल्या नसत्या एवढ्या चुका काढल्या.

साहेबांनी एकदा माझ्या खांद्यावरून पडद्याकडे पाहिलं. "अंगठेबहाद्दर, हे कोणत्या गिऱ्हाइकाचं?"

"घरचंच आहे."

त्यांनी ते बाहीचं पान खालपर्यंत वाचलं. मग आपल्या मोबाइलवर उघडलं आणि उजवा हात खिशात घातला. जाताना एवढंच म्हणाले, "फोटो अजून थोडा हलका कर. उघडायला वेळ घेतोय." त्या दिवसानंतर त्यांनी मला त्या नावाने हाक मारली, ती वेगळ्या आवाजात.

पण सर्च काही आपलं ऐकत नाही. आज पेरलं म्हणून उद्या उगवत नाही. बाबा रोज सकाळी विचारायचे, "आलं का वर?" मी म्हणायचे, "येईल." महिना संपत आला. जागेचा मालक येऊन खोली बघून गेला, भिंती ठोकून गेला. काकांनी साचे गोणपाटात बांधायला घेतले. बाबांना जवळ बोलावून पट्ट्यांचा एक जुडगा त्यांच्यापुढे ठेवला.

"हे घेऊन ठेवा. झिजले की बदलायला. पुढे कोण देणार तुम्हाला?"

बाबांनी तो जुडगा घेतला नाही. ते इतकंच म्हणाले, "मास्तर, माझ्या घरात चूल पेटली ती तुमच्यामुळे. मी कधी बोललो नाही." काका गोणपाटाची गाठ मारत राहिले. ती गाठ आधीच पक्की बसलेली होती.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही सामान आवरायला गेलो होतो, तेव्हा दारात एक बाई येऊन उभी राहिली. माझ्याच वयाची असेल. अंगात पार्सल कंपनीचा गणवेश, उजवी बाही मनगटापाशी पिनने बंद केलेली. डाव्या हातात मोबाइल, तोच आम्हाला दाखवत म्हणाली, "ते बाहीच्या बटणाचं लिहिलंय, ते इथलंच ना?"

"इथलंच," काका म्हणाले. "या, बसा."

"मला हात नकोय हं. आधीच सांगते." तिने हे भराभर म्हटलं, घरून पाठ करून आल्यासारखं. "सोमवारी कामावर हजर व्हायचंय. आमच्याकडे बाह्या दुमडलेल्या चालत नाहीत. तेवढं बटण करून द्या."

"तेवढंच करू," काका म्हणाले.

काकांनी बांधलेल्या गोणपाटातून सुईदोऱ्याचा डबा शोधून काढला. तिच्या डाव्या बाहीचं बटण उसवलं आणि इलॅस्टिकच्या दोऱ्याने पुन्हा शिवलं. तिने हात बाहेर काढला, पुन्हा आत घातला. बाही ताणली आणि मनगटावर येऊन बसली. तिने पुन्हा काढला, पुन्हा घातला. लहान मूल नवीन पाकिटाचं बटण उघडबंद करतं, तसं तिचं चाललं होतं. बाबा मान फिरवून खिडकीबाहेर पाहू लागले.

जायला उठली आणि ती दारात थांबली. बाबांच्या आकड्याकडे पाहून तिने विचारलं, "हे जड लागतं का हो?"

"पहिल्यांदा लागतं," बाबा म्हणाले. "मग नसलं की हलकं वाटून चुकल्याचुकल्यासारखं होतं."

ती परत येऊन बसली. काकांनी टेप घेतली. मला वाटलं, ते पिन लावलेली बाही सोडवतील. पण त्यांनी टेप तिच्या डाव्या हाताला लावली. तळवा, मनगट, एकेक बोट.

"हा तर आहे," ती म्हणाली.

"म्हणूनच. नवा ह्याच्यासारखा करायचा ना. आधी ह्याची ओळख करून घेतो." त्यांनी तिचा तळवा उलटा केला. "ह्याला आता दोघांचं काम पडतंय."

तिचा चेहरा बदलला. एवढे दिवस गेलेल्या हाताबद्दल तिला सगळ्यांनी विचारलं असणार. राहिलेल्याची चौकशी कोणी केली नसावी.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. जागेचा मालक होता. काकांनी टेप सोडली नाही, नुसती मान वळवली. बाबांनी अंगठ्याने फोन उचलला.

"नाही हो, या महिन्यात जागा मोकळी होणार नाही," बाबा म्हणाले. "मास्तरांच्या हातात काम आहे."

तिने डोळे पुसायला हात मागे घेतला नाही. तो तसाच काकांच्या टेबलावर उघडा ठेवला.