वेशीपर्यंत सरळ

तनुजा जगतापला डिस्क गोल्फची गोडी फिनलंडमध्ये लागली. वाळूजच्या कंपनीनं तिला दीड वर्षासाठी तिकडं पाठवलं होतं. झाडांमधल्या अरुंद वाटेवरून ताटलीएवढी प्लास्टिकची चकती फेकायची आणि कमीत कमी फेकींत ती लांबच्या टोपलीत घालायची, एवढाच तो खेळ. परत येताना तिनं अकरा डिस्क आणल्या. पण २०१९च्या त्या दुष्काळी उन्हाळ्यात त्या फेकायला शहरात जागा उरली नव्हती. शहरालगतच्या सातारा परिसरातला एक माळ तिनं हेरून ठेवला होता. जानेवारीत त्याला तारेचं कुंपण पडलं आणि मार्चमध्ये तिथं तीन इमारतींचे पाये खणले गेले.

ती मुकुंदवाडीत आवडाबाईंकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि खाली त्यांच्याच खानावळीत जेवायची. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, बाकी टँकरवर भागायचं. एका संध्याकाळी जेवता जेवता ती म्हणाली, "मावशी, मला शंभर मीटर सरळ वाट पाहिजे. दोन्ही बाजूंनी काहीतरी उभं असलेली. उघड्या मैदानात कशीही फेकली तरी चालून जातं, म्हणून हात सुधारत नाही."

आवडाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. "आमच्या गावात व्हती की तसली गल्ली. आमच्या दारात उभं राहिलं की पार वेस दिसायची, अन् वेशीतनं गोदावरी." मग हात पुसत म्हणाल्या, "धरणात गेलं गाव. पण औंदा पाणी लई खाली गेलंय. आमच्या गावचा बद्रीनाथ बघून आला, वेस उघडी पडलीय म्हणं."

त्यांचे यजमान कारभारीकाका कोपऱ्यात ताटावर बसले होते. गाव पाण्याखाली जाताना ते तीस वर्षांचे होते. त्यानंतर चिकलठाण्याच्या एका कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं लेथवर लोखंड कातत, टर्नर म्हणून काढली. आधीच्या दुष्काळांत गावची माणसं जुनं गाव बघून यायची. काका एकदाही गेले नव्हते. चिखलात काय बघायचं, असं म्हणायचे. त्या दिवशी मात्र ते ताटावरून उठताना म्हणाले, "वाट मला ठाऊक हाय. मी येतो."

रविवारी पहाटे पाचला तिघं तनुजाच्या गाडीतून पैठण रस्त्याला लागले. बिडकीन मागं पडलं तेव्हा उजाडत होतं. धरणाच्या कडेला गाडी ठेवून ते जवळजवळ दोन किलोमीटर चालले. पायाखाली भेगाळलेला गाळ होता आणि त्यात शिंपले करकरत होते. पुढं काका, मध्ये आवडाबाई, मागं पाठीवर बॅग घेतलेली तनुजा. एक उंचवटा चढून काका थांबले आणि बाजूला झाले.

समोर गाव होतं. छपरं नव्हती, लाकूड नव्हतं, फक्त दगड. मधून एक गल्ली गेली होती, जेमतेम बारा फूट रुंद. दोन्ही बाजूंना कुठं छातीएवढ्या, कुठं डोक्यावरून जाणाऱ्या काळ्या भिंती, आणि दर थोड्या अंतरावर दाराचे उंबरे. गाळानं गल्ली इतकी सपाट केली होती की कुणीतरी लिंपून ठेवल्यासारखी वाटत होती. अगदी टोकाला दगडी वेस उभी होती. तिच्या कमानीतून पाण्याची चमकती पट्टी दिसत होती.

डिस्क फेकायला आलो आहोत, हेच तनुजाला क्षणभर ओशाळवाणं वाटलं. "मावशी, इथं फेकलं तर चालेल ना?"

"ह्या गल्लीत आम्ही गोट्या, विटीदांडू, समदं बघितलंय. फेक तू."

तिनं आधी लांब पल्ल्याची, धारदार कडेची डिस्क घेतली. तीन पावलं टाकून, हात छातीवरून ओढून सोडली. डिस्क निम्म्यापर्यंत सुसाट गेली, मग वेग कमी होताच डावीकडे कलली आणि भिंतीवर आदळली. दुसरी डिस्क वापरून वापरून मऊ झालेली होती. ती निघाल्यापासूनच उजवीकडे वळत गेली आणि एका अंगणात पडली.

"अशी का वागतात त्या?" काकांनी विचारलं. गावात आल्यापासून ते पहिल्यांदाच बोलत होते.

"पहिलीला माझ्या हातात आहे त्याच्यापेक्षा जास्त वेग लागतो काका. तो मिळाला नाही तर ती शेवटी डावीकडे पडते. इथं मधल्या वेगाची पाहिजे, फेअरवे ड्रायव्हर म्हणतात तिला. ती ताकद मागत नाही, पण सरळ हातातून सुटली तर सरळ जाते." तिनं बॅगेतून दोन काढल्या. एकाच बनावटीच्या, एक हिरवी, एक केशरी. "दोन्ही सारख्याच आहेत."

काकांनी हात पुढं केला. हिरवी डिस्क त्यांनी बोटाच्या टोकावर तोलली आणि दुसऱ्या हातानं फिरवली. डोळ्यांच्या रेषेत धरून कड फिरताना बघत राहिले. मग केशरी तशीच फिरवली. नंतर डोळे मिटून दोन्हींच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"सारख्या नाय. ही हिरवी वाकलीय."

"उन्हात गाडीत राहिली होती," तनुजा म्हणाली. "पण मला तर काही दिसत नाही."

"कागदाएवढा फरक हाय. इथं कागद, पण वेशीपाशी जाईस्तोवर त्याचा हात होतोय." त्यांनी केशरी तिच्या हातात दिली. "ही मधोमध हाय."

वारा पूर्ण पडलेला होता. तनुजा वाटेच्या मधोमध उभी राहिली. जोर लावायचा नाही, हे तिनं स्वतःला बजावलं. डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर होऊ द्यायचं नाही, पातळी जमिनीशी समांतर. एक, दोन, तीन पावलं. मनगट सुटलं.

डिस्क छातीच्या उंचीवरून निघाली. ना डावीकडे, ना उजवीकडे. दोन भिंतींच्या मधून ती जात राहिली, बारीक घुमत, आणि जात राहिली. पडायला हवी होती तिथं ती पडली नाही. उंबऱ्यामागून उंबरा मागं पडत होता. मोजले असते तर पाचच सेकंद झाले असते, पण तनुजाला ते संपतच नाहीत असं वाटलं. तिच्या मागून आवडाबाई एकेक दार ओळखत हलक्या आवाजात म्हणत होत्या, "सुतार... साळूबाई... आपलं घर..." केशरी ठिपका कमानीत शिरला, पलीकडच्या उजेडात क्षणभर दिसला आणि खाली गेला.

आपल्या हातून असं काही निघू शकतं, हे तनुजाला खरं वाटत नव्हतं. तिनं तळहात उघडून बघितला.

"मी आणतो," काका म्हणाले.

ते गल्लीत उतरले. सुरुवातीला भराभर चालले. मग उजव्या हाताच्या एका उंबऱ्यापाशी थांबले, खाली बसले आणि दगडावर हात ठेवून बराच वेळ तसेच राहिले. तनुजा पुढं निघाली तेव्हा आवडाबाईंनी तिचा दंड धरला. "राहू दे. चव्वेचाळीस वर्षांनी गेलेत."

काका उठले, वेशीतून बाहेर गेले आणि डिस्क घेऊन परतले. तोंड धुतल्यासारखं ओलं होतं. डिस्कवरचा गाळ त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसून काढला होता.

"वेशीच्या पल्याड अठरा पावलं गेली," ते म्हणाले. "आणखी एकदा फेक. मी वेशीच्या आडोशाला उभा राहतो. मला ती येताना बघायचीय."

"काका, दर वेळी जमेलच असं नाही हं."

"नाय जमलं तर नाय जमलं. आमचं कुठं समदं जमलंय."

ते पुन्हा चालत गेले. वेशीच्या दगडाला खेटून उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. तनुजानं डिस्क छातीशी घेतली. आवडाबाई पदर सावरून भिंतीशी सरकल्या.

या वेळी फेक जरा खालून गेली. शेवटच्या टप्प्यात डिस्क किंचित डावीकडे झुकली, पण कमानीच्या आतच राहिली. काकांच्या हातभर अंतरावरून ती घुमत बाहेर पडली. त्यांनी ती धरायचा प्रयत्न केला नाही. तिच्याबरोबर त्यांनी सावकाश मान वळवली, आणि ती गाळात टेकल्यावरही ते कितीतरी वेळ पाण्याकडे तोंड करून उभे होते.