नावेतले एकुलते जॅकेट

मी एक जुने केशरी लाइफ जॅकेट आहे. पण मित्रांनो, फार वापरल्यामुळे मी जुना झालो नाही. मी एकाच दिवशी नदीत उतरलो, आणि त्या दिवसाने मला जुने केले.

कारखान्यात मला शिवले, पट्टे लावले आणि टाकीत बुडवून पाहिले. मी टुणकन वर आलो. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

ग्लासगोच्या एका दुकानातून मला वरदाने तिच्या नवऱ्यासाठी, यतीनसाठी, घेतले. यतीन तिथल्या हॉस्पिटलमध्ये रेडिओग्राफर आहे. त्याचा तिथला जिवलग मित्र लामीन त्याला सुट्टीत आफ्रिकेत, गॅम्बियातल्या आपल्या गावी नेणार होता.

"तुला स्विमिंगचा ओ की ठो येत नाही," वरदा म्हणाली. "बोटीत बसशील तेव्हा हे घालूनच बस, please."

लामीनचे घर नदीच्या एका काठाला होते आणि बाजाराचे गाव दुसऱ्या. लामीनची आई बिंता बाजारात सुकी मासळी विकायची. यतीन तिला पहिल्याच दिवसापासून बिंतामावशी म्हणू लागला. ती रोज त्याच्या ताटात भाताबरोबर माशाचा सर्वात मोठा तुकडा वाढायची.

बाजाराच्या दिवशी आम्ही लांबट लाकडी नावेत बसलो. नावेत माणसे, शेंगांची पोती, बांधलेल्या कोंबड्या आणि मासळीची घमेली दाटीवाटीने भरली होती. जॅकेट मात्र मी एकटाच. यतीन ओशाळला आणि मला काढू लागला. "मावशी, हे तुम्ही घाला."

मावशीने हसून माझा पट्टा पुन्हा आवळला. लामीनने तिचे बोलणे सांगितले, "आई म्हणते, मी या नदीतच वाढले. तू पाहुणा आहेस, नदी तुला ओळखत नाही."

बाजार पाहून यतीन हरखला. निळीत रंगवलेली कापडे, भोपळ्याची कोरीव भांडी, काठावर पाय सोडून बसलेली पोरे. परतताना लामीन मामाकडे थांबला. यतीन आणि मावशी नावेत बसले.

मध्यावर अचानक वादळी वारा सुटला. घमेली एका बाजूला घसरली आणि नाव उलटली.

मी यतीनला वर आणले. नावेत शेजारी बसलेली एक छोटी मुलगी, न्यीमा, त्याच्या गळ्याला घट्ट बिलगली. मग मावशीचा हात माझ्या पट्ट्यावर पडला. तिघांच्या भाराने मी खाली जाऊ लागलो. यतीनच्या नाकातोंडात पाणी गेले. मावशीने हे पाहिले. "अ मुता!" ती तिच्या भाषेत ओरडली, आणि तिने पट्टा सोडला.

न्यीमा वाचली, यतीन वाचला. मावशीचा देह दुसऱ्या दिवशी सापडला.

ग्लासगोला आल्यावर यतीनने मला लॉफ्टमध्ये टाकले. लामीन समोरून आला की तो वाट बदलायचा. ते दोन शब्द त्याने कुणालाच सांगितले नव्हते. मावशी 'मला धर' असे म्हणत असेल तर? आपण हात पुढे केला नव्हता.

शेवटी लामीनच घरी आला. "यतीन, आई शेवटी काही बोलली का?"

यतीनने खाली मान घालून ते शब्द उच्चारले. "म्हणजे 'मला धर' ना?"

लामीनने ते शब्द पुन्हा उच्चारले. "नाही. 'मला' म्हणायला आमच्यात वेगळा शब्द आहे. ती म्हणाली, 'तिला धर.' त्या पोरीला." मग त्याचा आवाज चढला. "तिचे शेवटचे शब्द माझे होते, यतीन! इतके दिवस ते तू स्वतःकडे ठेवलेस?"

"सॉरी," यतीन रडत म्हणाला. वरदाने ठेवलेल्या चहाला हात न लावता लामीन निघून गेला.

पुढच्या रविवारी त्याचा फोन आला. "मी गावी चाललोय. नावेसाठी जॅकेट न्यायची आहेत. येतोस?"

वरदा आता बोट क्लबांमधून जॅकेट गोळा करते आहे. हॉलमध्ये आमचा ढीग झाला आहे. दोघे मित्र एकत्र बॅगा भरतात, पण अजून पूर्वीसारखे हसत नाहीत.

मित्रांनो, मी दोघांना तारले, तिसरीला नाही. हे ओझे माझ्या अंगातून निघत नाही. म्हणून एकच मागणे आहे. नावेत बसाल तेव्हा स्वतःचा पट्टा बांधून थांबू नका. शेजारी बसलेल्याकडेही जॅकेट आहे का, ते पाहा. नसेल, तर नाव काठावरच थांबवा.